मागे उभी राहणारी

बाजाराच्या इमारतीतल्या सरकत्या जिन्यावर माझ्या पुढे उभी असलेली बाई मागे कलंडली, आणि ती कलंडते आहे हे मला कळायच्या आधी माझे हात तिच्या काखांखाली पोचले होते. बाई चांगली भरलेल्या अंगाची, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून एक नवा कोरा झाडू डोकावत होता. तिचं सगळं वजन क्षणभर माझ्या तळव्यांवर आलं, मनगटांतून कोपरांत आणि कोपरांतून कमरेत उतरलं, आणि माझ्या गुडघ्यांनी आपोआप वाकून ते जिन्याला देऊन टाकलं. मग ती सावरली. मागे वळून तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच तिला ओढलं होतं. "हात कशाला लावलास गं?" मी म्हटलं, "पडत होतात तुम्ही." "मी? छे!" ती म्हणाली, आणि वर पोचताच झाडू सावरत तुरुतुरु निघून गेली. मी मात्र जिना संपतो तिथेच उभी राहिले. मागचे लोक "अहो, वाटेत काय उभ्या राहता" म्हणत मला चुकवून जात होते. तिचं वजन माझ्या हातांत अजून होतं. चमत्कारिक गोष्ट अशी की त्या वजनाच्या आधी, नेहमी असतो तसा, आकड्यांचा आवाज नव्हता. कुणी मोजलं नव्हतं. न मोजता एक पूर्ण अनोळखी बाई माझ्या हातांत येऊन गेली होती, आणि त्याच दुपारी सभेत मी उभी राहून सांगणार होते की असं होऊच शकत नाही.

सभा आमच्या चीअर क्लबची होती. चीअरलीडिंग म्हटलं की लोकांना दुसऱ्यांच्या सामन्यात कडेला उभं राहून झुपके हलवणाऱ्या मुली आठवतात. आमच्याकडे दुसऱ्यांचा सामना नसतोच. आम्हीच सामना असतो. एक मोठी गादी, एक गाणं, आणि गाणं संपेपर्यंत माणसांनी माणसांना उचलायचं, फेकायचं, झेलायचं. एका उचलीत चौघी लागतात. दोघी खालच्या, ज्यांच्या तळव्यांवर वरचीचे पाय असतात, एक वरची, आणि एक मागची. मी मागची. प्रेक्षकांना मागची दिसत नाही. फोटोत माझे हात येतात, कधी कपाळाचा तुकडा, एकदा नुसता कान आला होता आणि तो आईनं ओळखला. वरची वर आहे तोवर मागचीनं हात खाली घ्यायचे नाहीत आणि नजर हटवायची नाही. वरचीनं खाली पाहायचं नाही. आणि मोजायचं मागचीनं. आमच्या कोचबाईंनी हे पहिल्यापासून असंच लावून दिलं आहे, कारण चौघींपैकी तोंड मोकळं असलेली तीच एक, असं त्यांचं म्हणणं. आमची मोजणी पाचपासून सुरू होते: पाच, सहा, सात, आठ, आणि उचल. माझ्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, "एक ते चार कुठे गेले?" मी म्हटलं, "गाण्यात गेले." त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी मान हलवली. आमच्या उचलीतली वरची म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी ती एका जागी टिकत नसे म्हणून घरात तिला पिसू म्हणायला लागले. क्लबातही तेच चाललं. पिसू गादीवर पहिल्यांदा वर गेली त्या दिवसापासून तिच्या खाली माझा आवाज आहे.

राज्याच्या संघटनेनं यंदा नवी टूम काढली होती. उन्हाळी स्पर्धा, पण क्लबांची नव्हे, राज्यांची. प्रत्येक क्लबातून चांगल्या चांगल्या मुली निवडायच्या, त्यांचा एक राज्य संघ करायचा, काही आठवडे त्यांना एकत्र राबवायचं आणि दुसऱ्या राज्यांच्या संघांसमोर उभं करायचं. आमचा मोसम वसंतात संपतो. उन्हाळा मनगटांचा, घोट्यांचा, आईबापांचा. आता तोही जाणार का, यावर क्लबाक्लबांत वाद झडत होते. बाकीच्यांनी कौल देऊन टाकला होता, बरोबर अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि आमच्या क्लबाशी येऊन गाडं अडलं होतं. आम्ही हो म्हटलं तर याच उन्हाळ्यात स्पर्धा, नाही म्हटलं तर बहुधा कधीच नाही. पिसूचं ठरलेलं होतं. तिनं ते मला दात घासता घासता सांगितलं, तोंडात फेस असताना, म्हणजे मला वाद घालता येऊ नये: "ताई, मी जाणार." आणि कोचबाईंनी मला बाजूला घेऊन, त्यांच्या त्या शिट्ट्या वाजवून बसलेल्या आवाजात, आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं, "ती निवडली जाईल. तू नाही. तुझे हात चांगले आहेत, पण राज्य संघाला मागची उंच लागते." मी म्हटलं, "मला माहीत आहे." खरंच माहीत होतं. मी आमच्या उचलीत चालते ती पिसू लहानखुरी आहे म्हणून. तरी शेवटच्या क्षणी मला टाचा उचलाव्या लागतात.

त्या दिवशी सकाळी कामात माझं लक्ष नव्हतं असं म्हणता येणार नाही, कारण आमच्या कामात लक्ष नसून चालतच नाही. मी वजनं तपासते. दुकानांतल्या, औषधांच्या कारखान्यांतल्या काट्यांची वजनं आमच्याकडे येतात, आणि आम्ही ती आमच्या वजनांशी ताडून पाहतो. वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं. बोटाचा घामसुद्धा काट्याला कळतो. खोलीत शिरल्यावर थोडा वेळ नुसतं बसून राहायचं, म्हणजे आपल्या अंगाची ऊब खोलीत मुरते आणि काटा शांत होतो. मला हे बसणं आवडतं. पण त्या सकाळी बसल्या बसल्या माझे तळवे मांडीवर उताणे पडले होते आणि झाडूवाल्या बाईचं वजन त्यांच्यात परत परत येत होतं. ते पिसूच्या वजनासारखं नव्हतं. पिसूचं वजन येतं तेव्हा ते आधीच माझ्या ओळखीचं असतं, जसं आपल्या घरातल्या अंधारात पाय ठेवताना पायरी ओळखीची असते. बाईचं वजन नुसतं वजन होतं, त्याला ना नाव, ना नातं. तरीही हातांनी ते बरोबर जागी घेतलं होतं. कुणी शिकवलं हे हातांना? मीच, इतकी वर्षं, पिसूवर. मग ते पिसूचंच राहिलं का नाही? टेबलाच्या कडेला एक लाकडी पेटी बंद करून ठेवलेली होती. आदल्या दिवशी मीच ती बांधली होती. त्यात आमचं फिरतं वजन. ते एका प्रयोगशाळेतून दुसरीत जातं, तिथून तिसरीत, प्रत्येक जण त्याचं वजन करतो आणि शेवटी ते घरी परत येतं. साहेब ते पाठवताना दर वेळी नव्या मुलाला समजावतात तसं मला समजावतात, "आपल्याच खोलीत बरोबर दाखवणाऱ्या काट्याचं काय कौतुक?" मी पेटीकडे पाठ करून बसले.

कारण माझं भाषण तयार होतं, आणि ते चांगलं होतं. चौघींची उचल हे एक यंत्र आहे, मी म्हणणार होते. त्याचे भाग एकमेकांवर घासून घासून जुळलेले असतात. एक भाग काढून दुसऱ्या यंत्रात बसवला तर दोन्ही यंत्रं चुकतात. काही आठवड्यांत ते जुळणार नाही. यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्यात आई नव्हती. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून तिची बोटं चाकावर असतात. आमच्या स्पर्धांना ती न चुकता येते, पुढच्या रांगेत बसते, आणि उचल सुरू व्हायच्या आधी स्वतःचा चष्मा काढून मांडीवर ठेवते. मग तिला समोर नुसते रंग दिसतात, वर जाणारे आणि खाली येणारे. बाकीचं ती कानांनी करते. माझा आवाज, मग पाय टेकल्याचा धप्प आवाज, मग टाळ्या. मग चष्मा डोळ्यांवर. पिसूला वर जाऊ द्यायचं की नाही हा विषय घरात निघाला होता तेव्हा आई म्हणाली होती, "ताई मागे असेल ना? मग जाऊ दे." तेवढंच. ते वाक्य मी तेव्हापासून अंगावर वागवते आहे, कधी पदकासारखं, कधी ओल्या कपड्यासारखं. राज्य संघात ताई मागे असणार नव्हती. हे आईला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. पिसूनं नाही, कारण तिला जायचं होतं, आणि मी नाही, कारण मला वाटत होतं की सभेनंच नाही म्हटलं तर सांगायची वेळ येणार नाही.

दुपारी सरावाच्या हॉलमध्ये गाद्या गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या आणि शेजारच्या गाण्याच्या क्लासातून खुर्च्या आणल्या होत्या. त्या लहान मुलांच्या खुर्च्या असल्यामुळे सगळे पालक गुडघे छातीशी घेऊन बसले होते. क्लबाचे अध्यक्ष निवृत्त दातांचे डॉक्टर आहेत. पूर्वी आमच्या एका मुलीचा सरावात पडलेला दात त्यांनी बसवला, तो पाहायला म्हणून आले आणि क्लबातच राहिले. ते म्हणाले, "थोडक्यात बोला, नाहीतर मी तोंड उघडायला सांगून बंद करायला सांगणार नाही." यावर फक्त ते स्वतः हसले. नदीपलीकडच्या क्लबाचे कोच, एक उंच, काटकुळे गृहस्थ, प्रस्तावाच्या बाजूनं बोलायला मुद्दाम आले होते. त्यांच्याबरोबर पिवळ्या जॅकेटातल्या तिघी मुली. वर्षानुवर्षं त्या तिघींना आम्ही फक्त हरवायच्या किंवा हरायच्या जागी पाहिलं होतं. खुर्चीवर बसलेल्या त्या अगदीच साध्या दिसत होत्या. एकीच्या मोज्याला भोक होतं. आई दुकानातून तशीच आली होती, बाहीवर काचेची पांढरी भुकटी. ती माझ्या शेजारी बसली आणि कुजबुजली, "भांडणं होणारेत का?" मी म्हटलं, "थोडी."

थोडी नाही, बरीच झाली. जुळ्या मुलींचे बाबा आधी उठले. ते वीजजोडणीचं काम करतात आणि बोलतानाही हातात वायर असल्यासारखे बोटं चाळवतात. "पोरींना उन्हाळ्यात हाडं आहेत की नाही? वर्षभर आम्ही बर्फाच्या पिशव्या धरून बसतो. तेवढे दोन महिने त्या माणसांसारख्या चालतात, तेही बघवत नाही का तुम्हाला?" काही पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्या उचलीतली एक खालची, जिला सगळे खांब म्हणतात आणि जी पहाटेपासून बेकरीत कणकेचे गोळे उचलते, जागेवरूनच ओरडली, "काका, मी उन्हाळ्यात विश्रांती म्हणून पिठाची पोती उचलते. त्यापेक्षा माणसं बरी. निदान ती टाळ्या तरी वाजवतात." सगळे हसले. "आणि तुझी वरची पळवली त्यांनी तर?" जुळ्यांच्या बाबांनी पलीकडच्या कोचकडे बोट केलं. "एकदा त्यांच्या मुलींबरोबर राहिली की पुढच्या वर्षी जॅकेट पिवळं!" पलीकडचे कोच शांतपणे म्हणाले, "साहेब, पिवळा रंग सगळ्यांना शोभत नाही." पिसू फिसकन हसली, आणि आईनं तिच्याकडे पाहिलं. मग ते गंभीर झाले. म्हणाले, त्यांच्याकडे एक मुलगी आहे, वरची, फार चांगली, पण तिच्या वयाच्या खालच्या त्यांच्या क्लबात उरल्याच नाहीत. दुसऱ्या क्लबात आहेत. "ती वर्षभर जमिनीवर उभी आहे. एवढंच सांगायला आलो होतो." तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी उठले.

मी यंत्राचं बोलले. चांगलं बोलले असावे, कारण जुळ्यांचे बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, आणि आपण बरोबर बोलतो आहोत ही जी एक गार, कोरडी भावना असते ती मला येत होती. फक्त हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. ते सारखे तळवे वर करून पुढे येत होते, कुणाच्या तरी काखा शोधत. न मोजता, न ओळखता, माणूस दुसऱ्या माणसाच्या हातांत देता येत नाही, असं एक वाक्य शेवटी होतं. त्या वाक्यापाशी मी आले, आणि मला झाडू दिसला. नवा, अजून कागद न काढलेला. मी ते वाक्य सोडून दिलं आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. पिसूनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उभी राहिली आणि माझ्याकडे न पाहता अध्यक्षांना म्हणाली, "हे यंत्राचं झालं. मी त्यातला कुठला भाग आहे ते ताईला विचारा." "कोणता गं?" जुळ्यांचे बाबा म्हणाले. "जो बोलत नाही तो," पिसू म्हणाली, आणि बसली. आई हळूच म्हणाली, "काय चाललंय तुमचं? हिला कुणी बोलू नको म्हटलं?" मी काही म्हणायच्या आत तिनं पुढचं विचारलं, "आणि त्या संघात तू असशीलच ना?" मी तिच्या बाहीवरची भुकटी झटकली. "नाही," मी म्हटलं. "मला उंची नाही." आईनं बाही मागे घेतली. चाक थांबल्यावर दुकानात पसरते तशी ती शांतता होती. मी लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हाची.

"बोलणं पुरे," कोचबाई म्हणाल्या. तोवर त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. "गाद्या पसरा." पलीकडच्या तिघींकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, त्या तिघींनी आपल्या कोचकडे पाहिलं, मग जॅकेटं काढून खुर्च्यांवर टाकली. "पिसू, जा." एवढंच. खुर्च्या मागे सरकल्या. माझ्या डोक्यात एकदम खूप गोष्टी झाल्या: मोज्याचं भोक, अनोळखी मनगटं, पिसूनं दुपारी नीट खाल्लं नव्हतं. मी उठायला लागले तर कोचबाईंनी नुसता तळवा दाखवला, बस म्हणून. दोघी खालच्या समोरासमोर वाकल्या, पिसूनं त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले, एक पाय त्यांच्या जुळलेल्या हातांत दिला. त्यांची मागची, माझ्याहून चांगली वीतभर उंच, पिसूच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं पिसूची कंबर धरली. ती बरोबर धरली होती. मी काही तरी चूक शोधत होते, आणि ती बरोबर होती. शेजारी आईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

आणि मग काहीच झालं नाही. चौघी तशाच वाकून थांबल्या. खालच्या पिसूकडे पाहत होत्या. मागची पिसूच्या मानेकडे पाहत होती. पिसू सरळ समोर पाहत होती, हनुवटी वर, जशी ती माझा आवाज येईपर्यंत पाहते. कुणीच बोलेना. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. पहिल्यांदा मला वाटलं त्या नव्यानं जुळवून घेताहेत. मग कळलं, आणि कळलं तेव्हा हसू यावं की घाम फुटावा ते समजेना. त्यांच्या क्लबात मोजणं वरचीचं काम असणार. त्या तिघी पिसूनं मोजावं म्हणून थांबल्या होत्या, आणि पिसू मागून आवाज यावा म्हणून थांबली होती. प्रत्येक जण आपलं काम अगदी चोख करत होती, आणि म्हणून सगळं थांबलं होतं. हेच तर मी सांगत होते! यंत्र जुळत नाही ते असं. माझं म्हणणं माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध होत होतं आणि माझ्या तोंडात 'पाच' तयार होता, जिभेच्या टोकाशी, लाळेसारखा. मी खुर्चीतून म्हटलं असतं तर पिसू गेली असती वर. माझ्या आवाजावर ती कुणाच्याही हातांवरून गेली असती. मी तोंड उघडलं. मला आमचं जुनं कपाट आठवलं, ज्यावर पिसू स्टुलावरून चढायची, आणि मी खाली उशी घेऊन उभी राहायचे. "ताई, मोज!" ती वरून म्हणायची. मी मोजायला लागायचे, आणि ती दर वेळी दोनलाच उडी मारायची. कधीच तीनपर्यंत थांबली नाही. मी रागवायचे, ती उशीवर पडून हसायची, पुढच्या वेळी परत तेच. तिला उडी मारायला माझा आकडा कधी लागलाच नव्हता. उशी घट्ट धरून ठेवायला मलाच काहीतरी म्हणत राहावं लागायचं. हे इतकं साधं होतं की इतकी वर्षं मला का दिसलं नाही याचंच मला नवल वाटलं, आणि नवल वाटता वाटता माझं तोंड मिटलं.

"डॉक्टर, काय झालं? का थांबल्यात?" आई माझ्या पलीकडे बसलेल्या अध्यक्षांना विचारत होती. आवाज नाही म्हणजे काहीतरी बिघडलं, इतकंच तिला कळत होतं. रंग हलत नव्हते. तिनं चाचपडत चष्मा उचलला आणि डोळ्यांवर लावला. आणि तेव्हाच पिसू बोलली. "पाच," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, तिनं घसा खाकरला. "सहा." मी कधी स्वतःला मोजताना ऐकलेलं नाही, कोण ऐकतं? पण 'सात' म्हणायच्या आधी मी एक श्वास घेते, उचलीसाठी लागणारा, कारण आठला माझ्या हातांना जोर लावायचा असतो. पिसूला त्या जागी श्वासाची काही गरज नव्हती. तिचा श्वास वर गेल्यावर लागतो. तरी तिनं तो घेतला. नेमका तिथेच, नेमका तेवढा. "सात," ती म्हणाली, माझ्यासारखं थोडं ताणून, "आठ," आणि खालच्या दोघी उठल्या, त्यांचे हात खांद्यांपाशी, मग डोक्यांच्या वर, आणि त्या हातांवर पिसू, एक पाय सरळ, एक गुडघ्यापाशी दुमडलेला, दोन्ही हात उघडलेले. मागच्या उंच मुलीनं तिचे घोटे धरले होते. तिला टाचा उचलाव्या लागत नव्हत्या. पिसू किंचित डावीकडे झुकली, जशी ती नेहमी झुकते, आणि मी मनात म्हटलं आता, आणि त्या अनोळखी हातांनी तिला तितकंच उजवीकडे आणलं. छताच्या दिव्यांच्या उजेडात तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. हेही पहिल्यांदाच. मी इतकी वर्षं तिच्या पोटऱ्या पाहत आले होते. ती वर गेल्यावर हसते हे मला माहीतच नव्हतं. ते फोटोसाठीचं हसू नव्हतं, दोनला उडी मारणारं होतं.

"अहो," अध्यक्षांचा आवाज आला, "मतदान अजून सुरू झालेलं नाही. आणि एका माणसाला एकच हात." सगळे माझ्याकडे वळून हसत होते. माझे दोन्ही हात वर होते, पूर्ण ताणलेले, बोटं उघडी. मी ते खाली घेतले नाहीत. नियम आहे, वरची वर आहे तोवर नाही. पिसू खाली आली, त्या तिघींच्या हातांत अलगद, आणि तिचे पाय गादीवर टेकल्यावरच मी हात मांडीवर आणले. चौघी एकमेकींना धरून हसत होत्या. "अगं, तू मोजायचंस!" "मला काय माहीत, आमच्याकडे ताई मोजते!" "तुमची ताई वर जाते की तू?" खांब मागून ओरडली, "पहिल्या दिवशी आधी हे ठरवा रे बाबांनो, निवड गेली खड्ड्यात!" आई अजून गादीकडे पाहत होती. चष्म्यामागे तिचे डोळे मोठे दिसतात. "एवढ्या वर जाते ती?" ती म्हणाली. "हो." "दर वेळी?" "दर वेळी." तिची नजर मागच्या मुलीवर गेली. मग म्हणाली, "त्या उंच मुलीला मी ओळखत नाही." मी म्हटलं, "मीपण नाही." "धरलं मात्र नीट," आई म्हणाली, आणि चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसायला लागली. मी वाट पाहिली. चष्मा स्वच्छच होता. तिनं तो परत डोळ्यांवर लावला.

कौल हात वर करून झाला. मी एक हात वर केला, हो म्हणणाऱ्यांत. आईनं केला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं नाही, बाहीवरच्या भुकटीकडे पाहिलं. जुळ्यांच्या बाबांनी विरोधात हात केला, तोही असा उंच की जणू छताला वायर लावायला निघालेत. मोजणीत 'हो' जिंकलं तेव्हा ते म्हणाले, "मी अजून विरोधातच आहे, कागदावर लिहून ठेवा. पण पोरींना सरावाला न्यायला माझी व्हॅन आहे, तिला विरोध नाही." पलीकडच्या कोचनी कुणाशी हात मिळवावा ते न कळून शेवटी कोचबाईंच्या शिट्टीलाच हात लावल्यासारखं केलं. मी त्यांच्यापाशी गेले. त्यांच्या त्या जमिनीवर उभ्या असलेल्या मुलीचं काय, मी विचारलं. ती किती उंच आहे? "तुझ्याएवढी," ते म्हणाले, "जास्त नाही. का?" "आमच्या उचलीत उन्हाळ्यात जागा आहे," मी म्हटलं. "पिसू जाईल तिकडे. खालच्या आहेत, मागची आहे. संघात नाही, नुसता सराव." "मोजणार कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ते तिला विचारू."

परतताना आई दुकानात राहिलेलं काम उरकायला गेली आणि आम्ही दोघी बाजाराच्या इमारतीतून निघालो. ऊन अजून होतं. काचेच्या छतातून ते सरकत्या जिन्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं आणि पायऱ्या त्या पट्ट्यांतून निघून वर जात होत्या. पिसू सारखी बोलत होती: त्या मागचीची नखं फार गार होती, मोज्याला भोक पडलेली मुलगी मुळात फार विनोदी आहे, आणि 'पाच' म्हणताना आपला आवाज असा का आला, बेडकासारखा. "ताई, तू रागावलीस?" "नाही." "थोडीशी?" "यंत्रं रागावत नाहीत," मी म्हटलं, आणि तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. जिन्यापाशी मी नेहमीसारखी थांबले, ती पुढे जाईल म्हणून. जिन्यावर मी कायम तिच्या एक पायरी खाली उभी राहते. हे कधी ठरलेलं नाही, तसंच होतं. ती पुढे गेली नाही. "तू हो पुढे," ती म्हणाली. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते, कुणीतरी वैतागून च्यक केलं. मी पायरीवर पाय ठेवला. पायरी उचलली गेली तसं माझं वजन किंचित मागे आलं, जसं सगळ्यांचं येतं, आणि माझ्या पाठीपासून बोटभर अंतरावर, न टेकता, मला दोन तळव्यांची ऊब कळली. मी मागे पाहिलं नाही.